पाळण्यासाठी कॉम्प्रेसर

एक डबा रंग, एक ब्रश आणि एक मोकळी दुपार एवढ्यात जे काम उरकलं असतं, ते साहेबांनी हातात घेतलं. इमारतीतल्या लोकांना आधी कल्पना असती, तर त्यांनी निदान दोरीवरचे कपडे तरी आत घेतले असते.

साहेब हे नक्की कोणाचे साहेब, असं कोणी विचारू नये. विमा कंपनीत ते एका विभागाचे प्रमुख होते. त्या विभागात त्यांच्याशिवाय आणखी एकच जण होता आणि तोही बराचसा रजेवर असे. निवृत्तीच्या दिवशी हुद्दा ऑफिसातच राहिला, 'साहेब' तेवढं घरी आलं. तळमजल्यावरच्या त्या घरात मागच्या बाजूला एक व्हरांडा होता, त्याला ते 'वर्कशॉप' म्हणत. तिथल्या टेबलाला एक दणकट लोखंडी पकड बसवलेली होती. आजवर त्या पकडीत अक्रोड सोडून दुसरं काही धरलं गेलं नव्हतं, पण अक्रोड मात्र फार शास्त्रशुद्ध फुटत.

सुरुवात झाली ती मुलीच्या फोनने. "आई, माळ्यावरचा माझा पाळणा काढून ठेव हं. बाळाला घेऊन येतेय. चांगली बरेच दिवस राहणार आहे."

माईंचा, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा, चेहरा उजळला. त्या लाकडी पाळण्याच्या कठड्यावर मुलीच्या पहिल्या दातांच्या खुणा होत्या. नातवाला त्याच पाळण्यात झोपलेलं बघायचं, ही एवढीच इच्छा त्यांनी गेले काही महिने देवाकडे अगदी हळू आवाजात मांडली होती. पण तेवढ्यात फोन व्याह्यांनी घेतला.

"साहेब, कशाला उगाच त्रास घेता? आम्ही नवा घेतलाय ना! बॅटरीवर चालतो. आपोआप हलतो, गाणी म्हणतो. पोचवायला मी येतोच आहे, सोबतच आणतो. तुमचा तो जुना... असू दे माळ्यावर."

'असू दे माळ्यावर' हे शब्द साहेबांना फार लागले. पाळण्यापेक्षा आपल्यालाच कोणीतरी माळ्यावर ठेवल्यासारखं त्यांना वाटलं.

"पाळणा असा करतो की व्याही बघत राहतील," त्यांनी फोन ठेवून जाहीर केलं.

"पुसून घेतला तरी पुरे आहे. फार तर एक हात रंगाचा," माई म्हणाल्या. "ब्रश आहे की आपल्याकडे."

"ब्रश!" साहेबांनी तो शब्द झुरळ उचलावं तसा उच्चारला. "ब्रशचे ओरखडे राहतात. व्याह्यांनी बोट फिरवलं तर? आजकाल जगात रंग फवारतात. स्प्रे गन. त्याला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर लागतो."

साहेबांना हवा लागते, हे माईंना लग्नापासून ठाऊक होतं.

कॉम्प्रेसर घ्यायचा ठरल्यावर कोणता घ्यायचा हा प्रश्न आला, आणि प्रश्न आला म्हटल्यावर समोरच्या घरातले मेगावॉट आले. हे गृहस्थ वीजकेंद्रात नोकरीला होते. तिथे ते हजेरीपट सांभाळत, असं त्यांच्या बायकोने एकदा सांगून टाकलं होतं; पण इमारतीत कोणाचा दिवा उडाला तरी मेगावॉट हात मागे बांधून हजर असत.

"लहान घेऊ नका," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "लहान यंत्रावर सारखा ताण येतो. ताण आला की ते तापतं. तापलं की संपलं. आमच्याकडचा कॉम्प्रेसर ह्या खोलीएवढा होता. कधी तापला नाही."

"पण मला एकच पाळणा रंगवायचाय."

"आज पाळणा," मेगावॉट गूढ हसले. "उद्या?"

उद्या काय, हे साहेबांनाही माहीत नव्हतं, पण आपल्याला उद्या आहे ह्या विचाराने त्यांना फार बरं वाटलं.

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे कॉम्प्रेसर होताच, म्हणून साहेब चौकशीला गेले. डॉक्टरांनी एका पेशंटच्या तोंडात हात ठेवून सल्ला दिला. "बिनतेलाचा घ्या. तेलाचा घेतलात तर हवेतून तेलाचे कण येतात. ते तोंडात गेले तर?"

"पाळण्याला तोंड नाही, डॉक्टर."

"तरी पण," डॉक्टर म्हणाले. पेशंटलाही काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याची परिस्थिती तशी नव्हती.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं मत नेमकं उलटं पडलं. "बिनतेलाचा? तो खेळणं आहे. तेलाचाच घ्या. आणि सुरू नाही झाला तर इथं लाथ मारायची." त्याने आपल्या यंत्राच्या कमरेखालची एक चेपलेली जागा दाखवली. "जोरात नाही. मायेने." त्याच्या ज्ञानाची हद्द तिथेच संपत होती, पण साहेबांनी ती जागा डोक्यात पक्की बसवली.

दुकानात गेल्यावर दुकानदाराने हवा किती, दाब किती, टाकी किती लिटरची, मोटर किती अश्वशक्तीची अशी विचारणा सुरू केली. साहेबांना ह्यातलं काहीच सांगता येईना. पण अडलो असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुम्ही दाखवा, मी बघतो," ते करड्या आवाजात म्हणाले. मग दुकानदाराने त्यांना एक हातात धरता येईल असा छोटा, एक बेताचा आणि शेवटी कोपऱ्यातला एक लालभडक, चाकं लावलेला, बैलासारखा कॉम्प्रेसर दाखवला. ह्या शेवटच्याने गॅरेजवाले एका दमात अख्खी मोटार रंगवतात, असं तो म्हणाला. साहेब त्या लाल टाकीसमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. टाकीच्या चकचकीत पोटात त्यांना स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि ते नेहमीपेक्षा रुंद होतं.

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

हे घरी विचारणं नीट समजून घ्यायला हवं. माईंचा रोजचा नेम होता. सकाळी आंघोळ झाल्यापासून जप आणि वाचन पुरं होईपर्यंत त्या मौनात असत. लग्न झाल्यापासून हा नेम एकदाही मोडला नव्हता. ताप आला तरी नाही, पाहुणे आले तरी नाही. आणि साहेब चारचौघांत छाती काढून सांगत, "आमच्याकडे मी बायकोला विचारल्याशिवाय काडीसुद्धा विकत घेत नाही." हे शंभर टक्के खरं होतं. फक्त ते सकाळी विचारत.

संसाराच्या अगदी सुरुवातीला सापडलेला हा मार्ग होता. ह्याच मार्गाने घरात दुर्बीण आली, व्यायामाची सायकल आली, आणि मधमाशी एकही नसताना मध काढायचं यंत्र आलं. माई हातवारे करत. साहेब त्यांचा अर्थ लावत. अर्थ लावण्यात त्यांचा हातखंडा होता. विम्याच्या धंद्यातच केस पांढरे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई जपाला बसल्यावर साहेब समोर खुर्ची ओढून बसले. "अगं, तीन आहेत. एक लहान, एक मधला आणि एक असा." त्यांनी हात पसरून तिसरा दाखवला.

माईंनी डोळे मोठे केले. जपमाळ मांडीवर ठेवून दोन्ही हात पसरले, मान जोरजोरात हलवली आणि मग कळवळून हात जोडले.

"एवढा मोठा," साहेब समाधानाने म्हणाले. "आणि देवाचं नाव घेऊन घ्या म्हणतेस. तूच म्हणतेस तर घेतो."

कॉम्प्रेसर दुपारी टेम्पोतून आला. मुख्य दारातून तो हमालांच्या शिव्यांसह आत शिरला, पण व्हरांड्याचं दार अरुंद निघालं. तो दिवाणखान्यातच राहिला, सोफ्याच्या शेजारी, आलेल्या प्रत्येकाकडे रोखून बघत. साहेब म्हणाले, नळी लांब आहे, काही अडत नाही. माईंनी त्यावर एक स्वच्छ चादर टाकली आणि वर फुलदाणी ठेवली. तरी तो फर्निचर वाटेना. घरात एखादा लठ्ठ नातेवाईक आजारी पडून पांघरूण घेऊन बसलाय असं वाटे.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. साहेबांना पंक्चरवाला आठवला. त्यांनी ती जागा हेरली आणि अनवाणी पायाने, जोरात नाही, मायेने लाथ मारली. पाय धरून ते सोफ्यावर बसतात न बसतात तोच यंत्राने एक भयंकर गुरगुर केली आणि सगळ्या इमारतीची वीज गेली.

वर दवाखान्यात दात कोरणं अर्धवट थांबलं. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी अडकले. त्यांना बाहेर काढेपर्यंत त्यांनी आतूनच सभा भरवली आणि ठरावही मांडला. "निवासी इमारतीत औद्योगिक यंत्र! चालणार नाही! आधी वीज कार्यालयातून जादा भार मंजूर करून आणा!"

साहेब वीज कार्यालयात गेले. ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसून आयुष्य काढलेले गृहस्थ. खिडकीच्या बाहेर उभं राहायचा प्रसंग त्यांच्यावर फारसा आलेला नव्हता, आणि तिथून जग किती वेगळं दिसतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"यंत्र कशासाठी?" आतून कारकुनाने विचारलं.

"पाळणा रंगवायला."

"किती पाळणे?"

"एक."

"एका पाळण्याला घरगुती वीज चालते."

"मग द्या मंजुरी."

"पण यंत्र घरगुती नाही. यंत्राला औद्योगिक. म्हणजे पाळण्याचं इथे, यंत्राचं पलीकडच्या खिडकीवर."

पलीकडच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, उद्योग कोणता? साहेब म्हणाले, उद्योग नाही. मग औद्योगिक कसं मागता, बाई म्हणाल्या. आधी उद्योग काढा. साहेब पहिल्या खिडकीवर परत आले, तर तिथे जेवणाची सुट्टी होती. "मी विभागप्रमुख होतो," त्यांनी काचेवर टकटक करून सांगितलं. आतला माणूस डबा उघडत समजुतीने म्हणाला, "होतं असं कधीकधी."

हे वाक्य साहेबांनी घरी कोणालाही सांगितलं नाही.

शेवटी तोडगा सेक्रेटरींनीच काढला, कारण त्यांच्या मोटारीच्या टायरमध्ये हवा कमी होती आणि ती फुकट मिळणार होती. पाण्याचा पंप बंद झाल्यावर आणि दवाखाना उघडण्याआधी, सकाळच्या तेवढ्या वेळात यंत्र चालवायला त्यांची तोंडी परवानगी मिळाली. तेवढा वेळ म्हणजे नेमका माईंच्या मौनाचा.

टायरची बातमी पसरली. रोज सकाळी दारात सायकली, चेंडू, पोहण्याची रबरी चाकं घेऊन माणसं उभी राहू लागली. दातांचे डॉक्टर संगणकातली धूळ उडवायला आले. ती धूळ माईंच्या देवघरावर बसली. माई डोळे मिटून जप करत राहिल्या. त्यांच्या ओठांची हालचाल मात्र त्या काळात जरा जलद झाली होती. पाळणा व्हरांड्यात होता तसाच होता, आणि मुलीच्या येण्याचा दिवस दारात येऊन ठेपला होता.

मग एकदाचा तो मुहूर्त आला. साहेबांनी फिकट पिवळा रंग बंदुकीत भरला, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावला आणि पाळण्यासमोर पवित्रा घेतला. मेगावॉट देखरेखीला होतेच. "दाब कमी नको," ते हात मागे बांधून म्हणाले. "कमी दाबाने रंग थुंकतो."

दारात माई जपमाळ घेऊन उभ्या होत्या. त्यांचं लक्ष यंत्राच्या काट्याकडे गेलं आणि त्या घाबरल्या. तळवा खाली करून त्यांनी हात पुन्हा पुन्हा खाली आणला, काट्याकडे बोट दाखवलं, परत हात खाली आणला.

"बघा," साहेब मेगावॉटना म्हणाले, "ती सांगतेय, वरून खाली मारा." आणि त्यांनी चाप ओढला.

जे झालं त्याला रंगवणं म्हणता येणार नाही. व्हरांड्यात एक पिवळा ढग तयार झाला, क्षणभर थांबला आणि मग सगळीकडे निघून गेला. मेगावॉटच्या चष्म्याची एक काच पिवळी झाली आणि मिशीचा तेवढाच भाग. सेक्रेटरींचा दोरीवरचा पांढरा शर्ट, पलीकडच्या कुंड्या, भिंतीवर ऊन खात बसलेलं एक मांजर, सगळ्यांना थोडाथोडा प्रसाद मिळाला. सर्वांत कमी रंग पाळण्याला लागला. त्याचा एक पाय पिवळा झाला, आणि कठड्यावरून रंगाचे ओघळ असे उतरले होते, जणू कोणी त्यावर अंडं फोडलंय.

मांजराने नंतर महिनाभर त्या भिंतीवर पाऊल टाकलं नाही. इमारतीत शहाणपण शाबूत असलेलं बहुधा ते एकटंच होतं.

साहेब त्या दिवशी वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. शर्ट भरून देण्यावरून सेक्रेटरी दारात येऊन बोलून गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "प्रयोगात असं होतं." माईंनी दुसऱ्या दिवसापासून, मौनातच, काचकागद घेतला आणि त्या पाळणा घासायला बसल्या. ओठांवर नाम, हातात कागद. रंग निघाला, जुना थरही निघाला, खालचं मधासारखं लाकूड वर आलं. कठड्यावरच्या दातांच्या खुणांपाशी त्या अगदी अलगद घासत. मग खोबरेल तेलाचा हात फिरवला.

साहेब मधूनमधून डोकावत. "छान," ते म्हणत. "फवारणीच्या आधी असा पृष्ठभाग तयार लागतोच. मीच सांगणार होतो."

मुलगी, नातू आणि व्याही आले ते सकाळीच आले. माई मौनात होत्या. त्यांनी नातवाला उचलून पोटाशी धरलं आणि डोळे भरून आले. ते समजायला शब्द लागले नाहीत. मुलीने पाळण्याच्या कठड्यावर बोट फिरवलं. "अगंबाई, माझे दात! आई, किती सुंदर दिसतोय. असाच हवा होता मला, लाकडाचा."

साहेबांनी घसा खाकरला. "अजून फवारायचाय."

माईंनी चटकन हाताने काहीतरी खूण केली. मुलगी हसत सुटली. "आई म्हणते, देवाची कृपा म्हणून रंग राहिला नाही, बाळ सगळं तोंडात घालतं."

"हे तिने म्हटलं?"

"हो. आणि आता म्हणतेय, हे लाल जनावर मी आणायला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नव्हतं!" साहेब व्याह्यांसमोर ताठ झाले. "अगं, तूच हात पसरून दाखवलंस, एवढा मोठा घ्या म्हणून."

"बाबा!" मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली. "हात पसरले म्हणजे 'एवढा मोठा कशाला?' आणि जोडले म्हणजे 'तुमच्या पाया पडते, नको.' मी शाळेत होते तेव्हापासून कळतं मला. हात खाली म्हणजे कमी करा, हात वर म्हणजे वाढवा. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?"

दुर्बीण, सायकल आणि मधाचं यंत्र आपापल्या कोपऱ्यांतून साहेबांकडे बघत होती.

व्याही हे सगळं फार आनंदाने ऐकत होते. "असो, असो," त्यांनी मोठ्या मनाने म्हटलं. "म्हणूनच मी म्हणालो होतो, त्रास घेऊ नका." आणि त्यांनी खोक्यातून नवा पाळणा काढून जोडला. प्लास्टिकचा, निळा, पोटात बॅटरी. बटण दाबताच तो आपोआप हलू लागला आणि एकच गाणं नाकात म्हणू लागला. त्यांनी तो थेट जुन्या पाळण्याच्या पुढे, खिडकीजवळ मांडला आणि जुना पायाने जरा मागे सरकवला. "हा आत ठेवून द्या आता. बाळाला हाच बरा. फक्त ह्याची गादी हवेची आहे, ती फुगवली की झालं." त्यांनी खोक्यात हात घातला, खोकं उलटं केलं, परत घातला. "पंप घरी राहिला वाटतं."

साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. एवढ्या सगळ्या दिवसांत, एवढ्या सगळ्या अपमानांत, कोणाला तरी त्यांच्या हवेची गरज पडली होती, आणि तीही व्याह्यांना!

"हवा?" ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे हवा आहे."

त्यांनी फुलदाणी उचलली, चादर बाजूला केली, पाहुण्यांना दोन पावलं मागे उभं केलं. यंत्र गुरगुरलं. गादीच्या तोंडाशी नळी लावली. गादी हलली, उठली, गोंडस फुगली.

"बस का?" व्याह्यांनी विचारलं.

साहेब आता शहाणे झाले होते. त्यांनी चावीवर हात ठेवला आणि माईंकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर विचारायला बघितलं.

माई नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा निळ्या पाळण्याकडे पाहिलं, एकदा मागे सरकवलेल्या जुन्याकडे. मग मोकळा हात, तळवा वर करून, संथपणे वर नेला.

साहेबांनी लगेच मुलीला विचारलं, "काय म्हणते?"

मुलगी जरा बुचकळ्यात पडली. "म्हणते... वाढवा."

"नक्की?"

माईंनी हात आणखी वर नेला. अगदी सात्त्विक चेहऱ्याने.

"नक्की," मुलगी म्हणाली.

साहेबांनी चावी फिरवली.

आवाज इतका मोठा झाला की वरच्या मजल्यावरून डॉक्टर खाली धावत आले आणि सेक्रेटरी लिफ्टकडे न जाता जिन्याने पळाले. गादीचा एक निळा तुकडा पंख्याला लटकला होता, दुसरा व्याह्यांच्या खांद्यावर पडला होता. बाळाने एकदा ओठ काढले, रडावं की हसावं ते ठरेना, आणि मग ते खिदळलं. बिनगादीचा निळा पाळणा एकटाच हलत, नाकात गात राहिला. तो बंद कसा करायचा ते व्याह्यांनाही माहीत नव्हतं.

"मी सांगितल्याप्रमाणेच केलं," साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते. "ह्या वेळी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं." आणि ह्या वेळी ते खरं होतं.

माईंनी लाकडी पाळणा खिडकीजवळ आणला, त्यात धुतलेली दुपटी अंथरली आणि नातवाला ठेवलं. मग वाचनाला बसल्या. एकही ओळ न गाळता राहिलेलं वाचन पुरं केलं, पुस्तक कपाळाला लावलं, नमस्कार केला आणि उठून पाळण्यापाशी आल्या. बाळ कठड्याला गाल लावून झोपलं होतं. व्याही बाहेर फिरायला गेले होते. तिथे गाणं ऐकू येत नव्हतं.

मुलगी आईच्या कानाशी येऊन कुजबुजली, "आई, खरं सांग. तू मुद्दाम वाढवा म्हणालीस ना?"

माईंनी पायाच्या अंगठ्याने पाळण्याला हलका झोका दिला.

"मी कशाला काही म्हणेन, बाळा?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तर मौनात होते."